सामान सांभाळणाऱ्यांचा वाटा

जुलै लागला की सांगलीत सगळ्यांच्या मोबाईलवर कृष्णेच्या पाण्याच्या पातळीचा एकच आकडा फिरायला लागतो. आयर्विन पूल, सकाळी आठ वाजता, इतके फूट इतके इंच. सोबत कोयना धरणातून किती सोडलं, अलमट्टीतून पुढं किती चाललंय. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मला तर आकडा २५ च्या पुढं सरकला की पोटात गोळा येतो आणि हात आपोआप प्रेसमधल्या खालच्या रॅककडं जातात, कागदाचे रीम वर चढवायला. यंदाही चढवले. ते चढवता चढवताच हे लिहायचं मनात आलं, कारण मधे एक काळ असा होता की रीम चढवणं सोडाच, मी प्रेसचं शटरसुद्धा उघडत नव्हतो. तिथून परत कसा आलास असं कुणी विचारलं की मी "देवाची कृपा" एवढं बोलून मोकळा होतो. ते खरंच आहे. पण ती कृपा नेमकी कशी आली, कुठल्या वडापात, म्हणजे शेअर जीपमध्ये, बसून आली, तिच्या हातातल्या पिशवीत काय होतं, हे कधीतरी नीट सांगायला पाहिजे.

आमची प्रेस मारुती रोडजवळच्या एका बोळात. पप्पांनी ट्रेडल मशीनवर सुरू केली, शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून, पुढं मी मिनी ऑफसेट घेतलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या अडत्यांच्या पावत्या, नाताळ आला की चर्चच्या कार्यक्रमपत्रिका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, तो आमचा खरा सीझन. २०१९ ला अशीच पावतीपुस्तकं नंबरिंग, बाइंडिंग होऊन थप्पीला लागली होती, मंडळाची पोरं येऊन न्यायची तेवढी बाकी होती, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं. पप्पांनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर करून ठेवली होती आणि आम्ही सगळा माल त्या खुणेच्या वर ठेवला होता. पाणी खुणेच्याही वर गेलं. आयर्विनला ५७ फुटांच्या पुढं.

उतरल्यावर गेलो तर शटर उघडेना. आतले रीम पाणी पिऊन फुगलेले, थप्पी कोसळून शटरला आतून रेटा देऊन बसलेली, चौघांनी पहार घालून उचललं तेव्हा कुठं फटीतून वास बाहेर आला. गाळ, शाई आणि बाइंडिंगची कुजलेली लई. तो वास अजून कधीमधी झोपेत येतो मला.

पण खरं सांगतो, तेव्हा मी खचलो नव्हतो. सगळं गावच बुडालं होतं, टिळक चौक, हरभट रोड, कापडपेठ, कोण कुणाला काय सांगणार. आमच्या बोळात जतकडची माणसं टेम्पो भरून भाकरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती, ज्यांनी स्वतः उन्हाळ्याउन्हाळ्याला टँकरची वाट बघितली ती माणसं. आणि पप्पा होते. पप्पा गुडघाभर गाळात उभे राहून गाणं म्हणत खोरं मारत होते, चर्चमधलं जुनं, तबला-पेटीवरचं. मोटर बदलली, रोलर नवे घेतले, कर्ज काढलं, मशीनसाठी ३ फुटांचा सिमेंटचा कट्टा बांधला.

मग २०२० चं लॉकडाऊन. ५० माणसांच्या लग्नाला पत्रिका कोण छापतंय. २०२१ च्या मे महिन्यात पप्पा गेले, पाच दिवसांत. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही, मला अजून जमत नाही. आणि जुलैच्या शेवटी परत पाणी. ह्यावेळी २०१९ पेक्षा कमी होतं, पण माझ्या कट्ट्यापेक्षा जास्त.

पाणी उतरल्याचं कळलं, मी गाडीवरून बोळाच्या तोंडापर्यंत गेलो, शटरवर ओल्या गाळाची रेघ दिसली, आणि गाडी वळवून घरी आलो. आमचं घर विश्रामबागला, तिकडं पाणी येत नाही. कॉटवर पडलो तो जवळजवळ ३ आठवडे पडूनच. रडलो वगैरे नाही. फोन वाजायचा, गिऱ्हाईक असायचं, मी बघत राहायचो आणि तो बंद व्हायचा. बायको चहा ठेवून जायची, त्यावर साय यायची. पोरगी दारातून बघायची आणि आत न येता परत जायची, ते सगळ्यात जास्त लागायचं, तरी उठवत नव्हतं. खचणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, विहिरीचं बांधकाम खचतं ना तसं, आवाज होत नाही, एका बाजूनं माती नुसती बसत जाते.

चर्चमधले लोक आले. सगळे प्रेमानं आले हे मी आधीच सांगतो. पण कुणी म्हणालं देव परीक्षा बघतोय, कुणी म्हणालं बायबलमधल्या ईयोबाचं बघ, सगळं गमावूनही त्यानं विश्वास सोडला नाही, आणि एक वडीलधारे, ज्यांना मी लहानपणापासून मानतो, ते जाता जाता दारात म्हणाले, "प्रार्थनेत कुठंतरी कमी पडतोय आपण, विश्वास असला की माणूस असा पडून राहत नाही." ते वाक्य माझ्या छातीवर बसलं. आधी फक्त प्रेस गेली होती, आता विश्वासही गेला असं झालं. दोन रविवार मी उपासनेला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार, मंडळीत उभं राहून "प्रभू माझा मेंढपाळ" म्हणायचं आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचं, हे मला खोटं वाटायला लागलं.

मग मावशी आली. माझ्या आईची सर्वांत मोठी बहीण, वानलेसवाडीला राहते, तेव्हा ७८ वर्षांची. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ट्रेनिंग करून जन्मभर सिस्टर म्हणून राबली, निम्म्या आयुष्याची नाइट ड्युटी. गुडघे गेलेले, तरी सांगली-मिरज रोडवर वडाप थांबवून, मास्क लावून, कापडी पिशवी घेऊन एकटी आली.

"काय करायलायस रे?"

"काय नाही."

"जेवलायस?"

मी काही बोललो नाही. तिनं बायकोला विचारलं नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली, मुगाची खिचडी टाकली, ताटात वाढून समोर धरली आणि मी खाईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "आता झोप. दार लावून घेते. कुणी येणार नाही." दिवसा कॉटवर पडून असणारा माणूस रात्री झोपत नसतो हे तिला माहिती होतं. मी ४ तास झोपलो. उठलो तर ती खुर्चीतच बसलेली, चष्मा लावून, आणि वाटीत बेदाणे काढून ठेवलेले. तासगावचे, हिरवे लांब, तिच्या पिशवीत ते कायम असतात.

"खा दोन-चार. तुला एक वाचून दाखवते," म्हणाली, आणि तिनं बायबलातल्या पहिल्या शमुवेलाचा तिसावा अध्याय काढला. मला वाटलं होतं ती ईयोब काढेल नाहीतर तेविसावं स्तोत्र. सिकलागची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये ऐकली असेल, पण त्यात मला फक्त लढाई आठवत होती. मावशी लढाई वाचायला आलीच नव्हती.

दावीद तेव्हा राजा झालेला नाही. शौल राजापासून पळून, ६०० माणसं घेऊन परमुलखात सिकलाग नावाच्या गावात राहतोय. बाहेरून तिसऱ्या दिवशी गावात परत येतो तर गाव जळून गेलेलं. अमालेकी लोकांनी धाड घातली, बायका-पोरं सगळी धरून नेली, दाविदाच्या दोन्ही बायकासुद्धा. आणि मग काय लिहिलंय, तर तो आणि त्याची माणसं रडली, इतकी रडली की रडायची ताकद उरली नाही. मावशी इथं थांबली. "हा गल्याथाला मारणारा माणूस बरं का," एवढंच म्हणाली आणि पुढं गेली.

पुढं म्हणजे त्याचेच लोक त्याला दगडमार करायच्या गोष्टी बोलायला लागतात, कारण प्रत्येकाचं लेकरू गेलेलं, कुणावर तरी काढायला पाहिजे. तिथं एक छोटं वाक्य आहे की दावीद आपल्या देवाच्या आधारानं खंबीर झाला. कसा झाला, काय म्हणाला, काही लिहिलेलं नाही. एवढंच की तो याजकाला, म्हणजे पुरोहिताला, बोलावतो आणि देवाला विचारतो, मी ह्यांच्या मागं जाऊ का? जा, असं उत्तर येतं, आणि तो निघतो. रडून डोळे सुजलेत ते तसेच. मला आधी वाटायचं की माणूस आधी रडायचा थांबतो, मग प्रार्थना करतो, मग त्याला हिंमत येते, मग तो उठतो. त्या अध्यायात ह्या सगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळूनच आहेत.

वाटेत बसोर नावाचा ओढा लागतो. आणि तिथं ६०० पैकी २०० माणसं बसतात. थकली म्हणून. ओढा ओलांडायचं त्राण नाही. बायका-पोरं त्यांचीही गेलीत, तरी पाय उचलत नाहीत. दावीद त्यांना काय म्हणतो? काहीच नाही. विश्वास कमी पडला म्हणत नाही, भित्रे म्हणत नाही. सामान त्यांच्यापाशी राहतं, आणि तो बाकीच्या ४०० ना घेऊन पुढं जातो.

पुढं रानात त्यांना एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, पोरगा सापडतो. अमालेक्याचा गुलाम, आजारी पडला म्हणून मालकानं टाकून दिलेला, तीन दिवस तीन रात्री पोटात अन्न नाही, पाणी नाही. ज्यांची स्वतःची लेकरं शत्रूच्या हातात आहेत, एकेक मिनिट महत्त्वाचं आहे, ती माणसं थांबतात आणि त्याला भाकर देतात, पाणी देतात, अंजिराच्या ढेपेचा तुकडा देतात, आणि सुकवलेल्या द्राक्षांचे दोन घड. ते खाल्ल्यावर त्याच्या जिवात जीव येतो. मावशीनं वाटीकडं बोट दाखवलं. "बेदाणे," म्हणाली. "आपल्याकडचाच माल."

तो पोरगाच पुढं वाट दाखवतो. सगळं परत मिळतं, एकूणएक लेकरू. आणि परत येताना त्या ४०० तले काही म्हणतात, जे आलेच नाहीत त्यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, आपापली बायकापोरं घेऊन जाऊ देत फक्त. दावीद म्हणतो नाही. लढाईला गेला त्याचा वाटा आणि सामानापाशी राहिला त्याचा वाटा सारखाच. आणि तो त्या दिवसापासून नियमच होऊन गेला इस्राएलात.

मावशीनं पुस्तक मिटलं. "तुला कुणी सांगितलं चारशेतच असायला पाहिजे म्हणून?" म्हणाली. "दोनशेत बस काही दिवस. पण ओढ्यावर बस, कॉटवर नको. सामान कुठाय तुझं?"

"प्रेसमध्ये."

"मग तिथं जाऊन बस. काम करू नको. नुसतं सामानापाशी बस."

मला तेव्हा रडू आलं, पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा.

मावशी हे कुठून शिकली ते मला नंतर लक्षात आलं. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस १८८९ ला ह्या भागात आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, आणि मिरज-सांगलीच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, त्यावरूनच वानलेसवाडी हे नाव. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ ला. त्याआधी सॅनेटोरियममध्ये पेशंटला द्यायला काय होतं, तर मोकळी हवा, सकस खाणं, पडून राहायची परवानगी आणि कॉटशेजारी एक माणूस. मावशी नोकरीला लागली तोपर्यंत औषधं आली होती, पण तिला शिकवणाऱ्या सिस्टर जुन्या काळातल्या होत्या. ती म्हणते, रात्री दोन वाजता वॉर्डात पेशंट घाबरला की त्याला बायबलचं वचन म्हणून दाखवायचं नसतं, आधी घोटभर पाणी, उशी नीट करायची, मनगट धरून बसायचं, आणि मग त्यानं विचारलं तर वचन.

मराठीत धीर "देतात". हिंमत ज्याची त्यानं करायची, पण धीर दुसऱ्याकडून मिळतो, आणि मग तो धरायचा, म्हणजे हातानं पकडल्यासारखा, आणि तो सुटतो पण हातातूनच. शुभवर्तमानांमध्ये येशू "धीर धर" म्हणतो त्या जागा मी त्या दिवसांत एकेक करून काढल्या. पक्षाघाती माणसाला म्हणतो, तो अजून बाजेवरच आहे. शिष्यांना म्हणतो, मध्यरात्र उलटून गेलीय, होडी लाटांत आहे, वारा अजून थांबलेला नाही. सगळ्यांना म्हणतो वधस्तंभाच्या आदल्या रात्री, जगात तुम्हाला क्लेश आहेत हे आधी सांगून. पुढं, प्रेषितांच्या कृत्यांत, पौल ह्या प्रेषिताला म्हणतो, यरुशलेममध्ये तो अटकेत असताना, रात्री, जवळ उभा राहून. प्रत्येक ठिकाणी संकट जसंच्या तसं समोर आहे आणि तो जवळ आहे. मला हे त्याआधी ४० वर्षं चर्चमध्ये बसून दिसलं नव्हतं.

तर मी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी शटर अर्धं वर केलं आणि आत स्टुलावर बसलो, अर्ध्या तासात परत आलो. दुसऱ्या दिवशी तासभर. काम काही करत नव्हतो, मावशीला तसा शब्द दिला होता. चौथ्या की पाचव्या दिवशी आमचे बाइंडर चाचा आले, पप्पांच्या वेळेपासूनचे, खणभागात राहतात, त्यांच्याही घरात पाणी शिरलेलं. मला बघून म्हणाले, "बसलाच आहेस तर ही पत्र्याची पेटी धर जरा." पेटीत पप्पांचे जुने खिळे होते, शिशाचे, पुरात दोनदा बुडलेले. आम्ही दोघांनी बादलीत रॉकेल घेऊन एकेक खिळा ब्रशनं घासला. त्याचा धंद्याला काडीचा उपयोग नव्हता, त्या खिळ्यांवर आता कुणी छापत नाही. पण संध्याकाळी हात काळे झाले होते आणि मी घरी जाऊन हात धुऊन जेवलो, पोरगी शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले आता रोलर बघू.

खिळे घासताना मला पंडिता रमाबाई आठवायच्या. आम्हा छापखानेवाल्यांना त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट विशेष जवळची, की त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात छापलं, तिथल्या मुली-बायका खिळे जुळवायच्या. ज्यांना दुष्काळात, वैधव्यात लोकांनी टाकून दिलं होतं त्या. १९२१ च्या जुलैमध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं, पण पुस्तक पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ ला. म्हणजे बांधलेली प्रत त्यांच्या हातात पडलीच नाही. लेक गेल्यावरचे ते ८-९ महिने त्या कशा उठल्या असतील, सकाळी टेबलाशी कशा बसल्या असतील, याचा मी खूप विचार करायचो. मोठ्या माणसांची हिंमत आपण पुतळ्यासारखी लांबून बघतो. मला वाटतं त्या फक्त रोज सामानापाशी येऊन बसल्या.

ऑफसेट चालू व्हायला ऑक्टोबर उजाडला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, कर्ज आजही आहे, आणि काही सकाळी ती माती परत एका बाजूनं बसायला लागते तेव्हा मला कळतं. तेव्हा मी बायकोला सांगतो, आज मी दोनशेत आहे. तिला समजतं. ती त्या दिवशी जास्त काही विचारत नाही, फक्त डबा भरून देते आणि मी जातो. त्या वडीलधाऱ्यांशीही बोललो नंतर, त्यांच्या हातून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेतलं. त्यांना त्यांचं ते वाक्य आठवत नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. आमच्या मंडळीतला एक तरुण, तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग, फळछाटणी धरून घड भरत आलेले, आणि दोन दिवस नुसता पाऊस. घडकूज, मणी तडकलेले, पानावर दावण्या रोग. रविवारी तो उपासनेला आला नाही. मी कुणाला न विचारता सोमवारी प्रेस बंद ठेवून गाडीवर गेलो. बायकोनं खिचडी दिली होती डब्यात.

तो शेडमध्ये पोत्यांवर पडलेला होता. मला बघून उठून बसला, "जय ख्रिस्त" म्हणाला आणि परत गप्प. मीही गप्प. वचन काढायचा मोह झाला, खिशात छोटा नवा करार होता, पण हात तिकडं नेला नाही. डबा उघडला, अर्धी त्याला, अर्धी मला. त्याच्या आईनं ताटलीत गेल्या वर्षीचा बेदाणा आणून ठेवला, पाहुणा आला म्हणून. आम्ही दोघं बागेकडं तोंड करून बसलो होतो, तारांवरून पाणी टपकत होतं, चिखल इतका की ट्रॅक्टर आत घालायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळानं त्यानं ताटलीतले दोन-चार बेदाणे उचलले, तोंडात टाकले. मग म्हणाला, "खालच्या अंगाचे घड अजून बरे आहेत. आज फवारणी झाली तर राहतील. पण ट्रॅक्टरचा ब्लोअर चालत नाही आणि पंपावर पाईप ओढायला माणूस मिळंना."

मी चपला काढून बाजूला ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "पाईप मी ओढतो," म्हणलं, "तू औषध कालव."